तेरा महिन्यांचे वर्ष

मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकामाचे नमुने आणि संतचरित्रे यांच्या जोडीला टेलिफोनच्या इतिहासावरचा लेख पाहून कोणाला नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्राच्या पोटात काय असते ते मला सांगता येणार नाही. परंतु त्या यंत्राचे पैसे माझ्या हिशेबाच्या वहीतून जातात, आणि ती वही गेली चोवीस वर्षे माझ्या हाती आहे. ज्या वस्तूचे पैसे आपण मोजतो, तिचा भाव कोण ठरवतो आणि तो कशाने वरखाली होतो, हे गृहिणीने समजून घेतले तर त्यात वावगे काय?

वहीतलाच एक हिशेब आधी सांगते. घरभाडे वर्षातून बारा वेळा, दूधवाला बारा वेळा, विजेचे बिल बारा वेळा. पण मोबाईलचा रिचार्ज तेरा वेळा! कारण कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठावीस तेरा तीनशे चौसष्ट. आपल्या पंचांगात अधिक मास तीन वर्षांच्या आसपास एकदा येतो, आणि त्यात जावयाला अनारशांचे वाण तरी मिळते. कंपनीचा अधिक मास दरवर्षी येतो, आणि त्याचे वाण आपल्यालाच द्यावे लागते. दोनशे रुपयांचा रिचार्ज धरला, तर एका फोनामागे वर्षाला चोवीसशेऐवजी सव्वीसशे रुपये. चौघांच्या घरात आठशे रुपये असेच गेले.

हे असे का होते, आणि हे कोणी थांबवू शकते की नाही, याचे उत्तर शोधायचे तर मागे जावे लागते. टेलिफोनचा इतिहास हा नुसता यंत्राचा इतिहास नाही. व्यापारी, सरकार आणि गिऱ्हाईक या तिघांमधल्या ओढाताणीचा तो इतिहास आहे.

आपल्या देशात टेलिफोनची पहिली केंद्रे १८८२ साली सुरू झाली. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई या तीन शहरांत ती एका विलायती कंपनीने काढली. गिऱ्हाइके कोण, तर मोठ्या पेढ्या, गिरण्यांचे मालक, बंदरातले व्यापारी आणि साहेबलोक. फोन उचलला की केंद्रात बसलेली ऑपरेटर बाई नंबर विचारी आणि हाताने तार जोडून देई. त्या काळात बायकांना घराबाहेर मिळालेल्या थोड्या नोकऱ्यांपैकी ही एक होती, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १८८५ साली तारेचा कायदा झाला आणि तार व टेलिफोन यांवर सरकारचा हक्क कायम झाला. मोठ्या शहरांतल्या खाजगी टेलिफोन कंपन्या सरकारने १९४३ साली स्वतःकडे घेतल्या.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सबंध देशात सुमारे ऐंशी हजार टेलिफोन होते. म्हणजे शेकडो गावांत मिळून एकही नाही. सरकारने १९४८ साली बंगळूरला टेलिफोन तयार करण्याचा कारखाना काढला. ते जाड काळे यंत्र, बोट घालून फिरवायची तबकडी, अशी त्या यंत्राची आठवण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना असेल. १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट फोन लागू लागला. त्यालाच पुढे एस.टी.डी. म्हणू लागले. इतर ठिकाणी मात्र पुष्कळ वर्षे ट्रंक कॉलच होता. नंबर नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. घाई असेल तर ‘अर्जंट’, फारच घाई असेल तर ‘लायटनिंग’, आणि त्याचे पैसेही तसेच चढे.

त्या वर्षांत टेलिफोन ही चैनीची वस्तू समजली जाई. सरकारही तसेच समजे आणि लोकही. धरणे, कारखाने, धान्य यांना पैसा आधी, टेलिफोनला नंतर. त्या वेळच्या गरजा पाहता हे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की अर्ज केल्यानंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जास्त अनामत भरणाऱ्याला नंबर लवकर मिळण्याची वेगळी योजना होती. ज्याच्याकडे पैसा त्याची रांगही आखूड. १९९१ च्या सुमारास सगळ्या देशात मिळून पन्नास लाखांच्या आसपास जोडण्या होत्या, आणि अर्ज करून बसलेले लोक आणखी कित्येक लाख होते.

पी.पी. नंबर हा शब्द आजच्या मुलींना ठाऊक नसेल. आपल्याकडे फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे ‘पी.पी.’ लिहायचे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावरसुद्धा असे नंबर असत. माझ्या माहेरी सगळ्या आळीत एकच फोन होता, तो कापडदुकानदारांच्या घरी. त्यांच्या घरच्या काकू वेळी-अवेळी निरोप घेऊन येत. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पण फोनवर बोलणारीला मोकळे बोलता येत नसे. समोर त्यांचे सगळे घर बसलेले. सासरी त्रास होत असला तरी मुलगी ‘मी बरी आहे’ एवढेच सांगे आणि फोन ठेवी. भगिनींनो, फोन आपल्या स्वतःच्या हातात असणे म्हणजे काय, हे त्या पिढीतल्या बायकांना विचारावे. म्हणूनच मी याला चैन म्हणत नाही.

पहिला मोठा बदल १९८४ नंतर झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट नावाची संस्था सरकारने स्थापन केली, आणि सॅम पित्रोदा हे तिच्यामागचे एक प्रमुख नाव. परदेशी बनावटीची टेलिफोन केंद्रे महाग, आणि त्यांना गार हवेची बंद खोली लागे. आपल्या खेड्यात ती आणायची कोठून? सी-डॉटच्या तरुण इंजिनियरांनी उन्हात आणि धुळीत टिकणारे लहान केंद्र तयार केले. ते पहिल्याने १९८६ साली बसले ते आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्माच्या कित्तूरला. त्याच वर्षी मुंबई व दिल्ली या शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले.

त्याच सुमारास गावोगावी पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. काचेचे खोके, आत फोन, वर लाल आकड्यांचे मीटर. घरोघरी फोन देता येत नसेल तर निदान वापर तरी सगळ्यांना मिळू दे, हा त्यामागचा विचार. मला वाटते, सरकारच्या चांगल्या कल्पनांपैकी ही एक होती. कित्येक अपंग बांधवांना आणि बायकांनाही त्या खोक्यांनी पोटाचा धंदा दिला. रात्री उशिरा दर उतरे म्हणून जेवणे आटोपून लोक रांगेत उभे राहत. मीटरचा आकडा पळू लागला की बोलणारीची जीभही पळू लागे. तरी पण दार लावले की आतले बोलणे आपले होते.

दुसरा बदल मोबाईलचा. १९९४ साली सरकारने नवे दूरसंचार धोरण जाहीर केले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून बोलणे केले. देशातले ते पहिले. त्या वेळचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता. शिवाय दुसऱ्याने फोन केला तरी पैसे घेणाऱ्यालाही पडत. तिकीट न लावलेले बेअरिंग पत्र दारी आले की पोस्टमन आपल्याकडून पैसे घेई, तसाच हा प्रकार. ज्याला फोन आला तो बिचारा घाबरूनच तो घेई.

मग हा सोळा रुपयांचा दर खाली कसा आला? ‘कंपन्या आल्या, स्पर्धा झाली, भाव उतरले’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. शेताच्या उदाहरणाने सांगते. शेत दोन तऱ्हांनी कसायला देतात, खंडाने किंवा वाट्याने. खंडाने घेतले तर पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मालकाला द्यावीच लागते. वाट्याने घेतले तर जेवढे पिकेल त्यातला हिस्सा द्यायचा. पहिल्या मोबाईल कंपन्यांनी परवाने खंडाने घेतले होते, आणि लिलावात एकमेकांवर चढून भारी आकडे लावले होते. गिऱ्हाईक थोडे आणि खंड मोठा. मग दर उतरणार कसा? १९९९ च्या नव्या धोरणाने खंडाऐवजी वाटा केला. उत्पन्नातला हिस्सा सरकारला द्यायचा. तेव्हापासून जास्त गिऱ्हाइके जोडण्यात कंपन्यांना फायदा दिसू लागला.

दुसरी गोष्ट, १९९७ साली संसदेने कायदा करून दूरसंचार नियामक प्राधिकरण निर्माण केले. त्याला थोडक्यात ‘ट्राय’ म्हणतात. बाजारात वजन-मापे तपासणारा निरीक्षक असतो, तसे हे समजा. तिसरी गोष्ट, २००० साली स्थापन झालेल्या भारत संचार निगमाने २००२ साली स्वतःचा मोबाईल काढला. सरकारी दुकान शेजारी उघडले की खाजगी दुकानदारालाही भाव सांभाळावा लागतो. आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, येणाऱ्या फोनचे पैसे घेणे बंद झाले. बेअरिंग पत्राचा जमाना त्या दिवशी संपला. रिक्षावाले, प्लंबर, भाजीवाल्या आणि धुणेभांडी करणाऱ्या बाया यांच्या हाती फोन आला तो यानंतर. कारण आता नुसता फोन जवळ बाळगायला फारसा खर्च नव्हता, आणि ‘मिस कॉल’ तर फुकटच होता.

म्हणजे व्यापाऱ्याची हुशारी होतीच, ती मी नाकारत नाही. परंतु नियम बदलला नसता तर ती हुशारी आपल्या उंबरठ्याशी आली नसती.

आता थोडे त्या आकाशातल्या लहरींविषयी. मोबाईलला तार नसते. बोलणे लहरींवरून जाते. त्या लहरींचे पट्टे मोजके असतात. ते कोणाच्या मालकीचे? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. गावाचे गायरान जसे सगळ्या गावाचे, तसे हे आकाशातले गायरान आहे. पण २००८ साली कंपन्यांना जे परवाने दिले गेले, ते २००१ च्या भावाने आणि ‘पहिला येईल त्याला’ या पद्धतीने दिले. २०१० साली महालेखापरीक्षकांनी त्यात सरकारचे १ लाख ७६ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातले आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सोडून दिले. दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. वाटप चुकीच्या पद्धतीने झाले हे एका निकालाने ठरले. गुन्हा सिद्ध झाला नाही हे दुसऱ्याने. एका निकालावरून दुसरा पुसून टाकणाऱ्यांचे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, मला पटत नाही.

यानंतर ‘फुकट’ या शब्दाचा काळ आला. २०१५ साली फेसबुक कंपनीने आपल्या देशात एक योजना आणली. तिचे नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ ठेवले. गरिबाला इंटरनेट फुकट, पण सगळे नव्हे, तर कंपनीच्या योजनेत बसतील तेवढीच ठिकाणे. एखाद्या शेठजीने गावाला फुकट टांगा दिला, पण तो टांगा त्याच्या यादीतल्या दुकानांशीच थांबणार, अशातला हा प्रकार. बाजूने बोलणारे म्हणत, काहीच नसण्यापेक्षा थोडे तरी मिळू दे. विरोध करणारे म्हणत, यादीत नसलेल्या लहान दुकानदाराने मग जगावे कसे? आणि ज्याने दुसरा बाजार पाहिलाच नाही, त्याला तेवढाच बाजार वाटेल. दोन्ही बोलण्यांत तथ्य होते.

ट्रायने लोकांची मते मागवली. २०१५ साली दहा लाखांवर ई-मेल गेले. पुढच्या खेपेला कंपनीनेच मजकूर तयार करून दिला, आणि गिऱ्हाइकांनी नुसते बटण दाबून तो पाठवला. एकाच साच्यातल्या त्या पत्रांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, असे ट्रायने कंपनीला सुनावले. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम झाला, की इंटरनेटवर कोणत्या ठिकाणी जाता यावरून वेगवेगळा दर घेता येणार नाही. मोडणाऱ्याला दिवसाला पन्नास हजार रुपये दंड. जगातली एवढी मोठी कंपनी, पण तिला आपल्या देशात ती योजना गुंडाळावी लागली. यातून मी दोन धडे घेतले. लोकांनी तोंड उघडले तर नियम होतो, हा पहिला. आणि तोंड उघडायचे तर शब्द आपले पाहिजेत, दुसऱ्याने भरवलेले नकोत, हा दुसरा.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत ती फुकट होती. इंटरनेटचे भाव कोसळले. त्याचा लाभ गोरगरिबांना झाला, हे कबूल केलेच पाहिजे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या मुलांची शाळा त्या स्वस्त इंटरनेटवरच भरली, जरी एका फोनवर तीन मुले अशी घरेही पुष्कळ होती. परंतु बाजारात पुढे काय झाले तेही पाहावे. काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या, आणि व्होडाफोन व आयडिया या दोन मोठ्या कंपन्या २०१८ साली एक झाल्या. आज मोठ्या खाजगी कंपन्या तीन आणि चौथे सरकारी निगम. दुकाने कमी झाली आणि भाव चढू लागले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीन वेळा खाजगी कंपन्यांनी एकामागून एक दर वाढवले. कंपन्या म्हणतात, आमच्यावर कर्जे आहेत, नवी यंत्रे आणायची आहेत. तेही खोटे नसेल. पण मंडईत एकच भाजीवाली उरली तर कोथिंबिरीची जुडी किती होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता पुन्हा त्या तेरा महिन्यांकडे वळते. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याविषयी लोकांनी तक्रारी केल्या. ट्रायने त्यावर मते मागवली आणि जानेवारी २०२२ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवावी, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल अशीही एक ठेवावी. म्हणजे बारा महिन्यांचे वर्ष मागण्याचा हक्क आपल्याला मिळून चुकला आहे! मग वहीत तेरा नोंदी का? कारण हुकूमाने योजना ठेवावी लागते, पण ती गिऱ्हाइकाच्या समोर मांडावीच असे दुकानदाराला वाटत नाही. स्वस्त डाळ मागच्या फळीवर असते. मागितली तर मिळते.

आमच्या वाड्यात एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. इंटरनेट त्यांच्या फोनात चालतच नाही, तरी रिचार्जमध्ये रोजच्या इंटरनेटचे पैसे त्या कित्येक वर्षे भरत होत्या. एकदा मुदत संपली हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आधी बाहेर जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. परगावी असलेला मुलगा दोन दिवस फोन करीत राहिला आणि शेवटी घाबरून त्याने आमच्या घरी फोन केला. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण एका कंपनीची ही गोष्ट नाही. मुद्दा असा की ज्या नियमाने २००३ साली येणारा फोन मोफत केला, त्याच येणाऱ्या फोनला मुदतीच्या वाटेने पुन्हा किंमत लागली.

यावरही उपाय निघाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितले, की ज्यांना फक्त बोलणे आणि संदेश हवेत, त्यांच्यासाठी इंटरनेट वगळून वेगळी योजना कंपन्यांनी ठेवलीच पाहिजे, आणि अशा योजनेची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ च्या जानेवारीत तशा योजना आल्या. आजींसाठी आम्ही दुकानात जाऊन ती मागितली. दुकानातल्या मुलाने आधी ‘तसले काही नाही’ म्हणून सांगितले. ‘ट्रायचा नियम आहे, पुन्हा पाहा’ असे म्हटल्यावर त्याने पाहिले आणि ती निघाली. आता आजींना दर महिन्याची मुदत पाठ करावी लागत नाही.

भगिनींनो, आज देशात शंभर कोटींहून अधिक मोबाईल जोडण्या आहेत. ऐंशी हजारांपासून आपण येथवर आलो. बँक, रेशन, गॅसचा नंबर, मुलांची शाळा, सगळे आता याच यंत्रातून चालते. साहजिकच चोरही याच वाटेने येऊ लागले. पोलीस असल्याची बतावणी करून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असे कोणी सांगेल, तर अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच, हे पक्के ध्यानात ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. नको ते जाहिरातीचे फोन बंद करायचे तर १९०९ हा क्रमांक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपले खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला आहे. २०१८ साली त्याच न्यायालयाने सांगितले की सिमकार्डासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. कापडदुकानदारांच्या ओसरीवर उभ्या असलेल्या मुलीला जे खाजगीपण मिळत नव्हते, तेच हे. आता ते कागदावर आले आहे. हातात यायचे आहे.

‘धोरण’ हा शब्द मोठा वाटतो. तो दिल्लीचा, मंत्र्यांचा आणि कारखानदारांचा, असे आपण समजतो. परंतु वर सांगितलेली हकिकत पाहा. येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले ते नियमाने, आणि तीस दिवसांचा महिना झाला, आजींची वेगळी योजना आली तीही नियमानेच. आणि ट्रायला नियम करण्याआधी लोकांची मते मागवावी लागतात. ती देणाऱ्यांत शहरातले शिकलेले तरुण असतात, कंपन्यांचे वकील असतात. हिशेबाची वही सांभाळणारी बाई त्यांत फारशी नसते. मग नियम करणाऱ्यांना आजींचा बटणांचा फोन दिसावा कसा?

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. महिन्यातून एकदा, भजनाच्या वारानंतर अर्धा तास, आपण आपापल्या रिचार्जची चिठ्ठी घेऊन बसावे. कोणाला काय लागते, काय नाही, कोणती योजना स्वस्त पडते, हे शिकलेल्या सुनामुलींनी वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. अडवणूक झाली तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. आणि ट्रायने पुढे कधी मते मागवली, तर मंडळाच्या वतीने एक पत्र जावे. आपल्या शब्दांत, आपल्या हिशेबासह. पत्र लहान असले तरी चालेल. व्यापाऱ्याशी भांडण नको. तो आपले काम करतो, आपण आपले करावे, म्हणजे सरकारलाही त्याचे काम आठवते.

मंडळाची भरभराट होवो, आणि पुढच्या स्मरणिकेत याच विषयावर आणखी कोणी भगिनीने माझ्यापेक्षा चांगला लेख लिहावा, अशी इच्छा व्यक्त करून येथेच लेखणी थांबवते.

— मंडळाची एक सभासद